अधिक दोन

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून पात्रं वठवायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राच्या माहितीच्या कागदावर, अठरा कौशल्यांची एक उभी यादी असते. प्रत्येक नावाशेजारी एक बारीक गोल. ज्या कौशल्यात तुमचं पात्र तयार आहे त्याचा गोल भरायचा. त्या भरलेल्या गोलाची किंमत पहिल्या चार लेव्हलपर्यंत अधिक दोन, एवढीच. फासा वीस बाजूंचा, प्रत्येक अंकाच्या वाट्याला पाच टक्के. म्हणजे अंधारात मुरलेला चोर आणि चोरी कशाशी खातात हे ठाऊक नसलेला पुजारी यांच्यात, बाकी सगळं सारखं धरलं तर, दहा टक्क्यांचं अंतर.

नवा खेळाडू हे गणित मांडतो आणि विचारतो, मग एवढा विचार करून गोल भरायचे कशाला? प्रश्न रास्त आहे. प्रोफिशिअन्सीची, म्हणजे भरलेल्या गोलाची, किंमत त्या दोनावर ठरतच नाही, ती टेबलावर ठरते. फासा कोणी टाकायचा, कितीदा टाकायचा आणि कधी टाकायचाच नाही, हे डीएम, म्हणजे खेळ चालवणारा डंजन मास्टर, कसं ठरवतो त्यावर. हे पटायला आकडे हातात असावे लागतात, म्हणून आधी आकडे.

पात्राचे सहा गुण: स्ट्रेंग्थ, डेक्स्टेरिटी, कॉन्स्टिट्यूशन, इंटेलिजन्स, विज्डम, करिझ्मा. गुणाच्या आकड्यातून दहा वजा करा, दोनाने भागा, अपूर्णांक आला तर खालचा पूर्णांक घ्या. हा झाला मॉडिफायर. १६ ला अधिक तीन, ११ ला शून्य. ९ वर बरेच जण अडखळतात आणि वजा अर्धा म्हणजे शून्य धरून मोकळे होतात. खालचा पूर्णांक म्हणजे वजा एक. प्रत्येक कौशल्य एका गुणाखाली येतं. ॲथलेटिक्स स्ट्रेंग्थखाली. ॲक्रोबॅटिक्स, स्टेल्थ आणि स्लाइट ऑफ हँड डेक्स्टेरिटीखाली. आर्केना, हिस्टरी, इन्व्हेस्टिगेशन, नेचर, रिलिजन ही पाच इंटेलिजन्सची. ॲनिमल हँडलिंग, इनसाइट, मेडिसिन, परसेप्शन, सर्व्हायव्हल ही पाच विज्डमची. डिसेप्शन, इंटिमिडेशन, परफॉर्मन्स, परसुएशन ही चार करिझ्माची. कॉन्स्टिट्यूशनखाली एकही नाही, त्याकडे पुढे येऊ.

प्रोफिशिअन्सी बोनस लेव्हलवर चालतो: पहिली ते चौथी अधिक दोन, पाचवी ते आठवी तीन, नववी ते बारावी चार, तेरावी ते सोळावी पाच, सतरावीपासून विसावीपर्यंत सहा. सगळ्या क्लासना, म्हणजे पात्रांच्या पेशांना, तोच. गुणाचा मॉडिफायर आणि हा बोनस मिळून फाशात मिळवायचा आणि डीएमने ठरवलेला डीसी, म्हणजे कामाच्या कठीणपणाचा आकडा, गाठायचा. बरोबरी म्हणजे यश.

पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या मूळ नियमांत कौशल्यं मिळतात तीन वाटांनी. क्लासमधून बहुतेकांना दोन, रेंजरला तीन, बार्डला अठरातली कुठलीही तीन, रोगला, म्हणजे चोरट्याच्या क्लासला, अकरांच्या यादीतली चार. पूर्वायुष्यातून, म्हणजे बॅकग्राउंडमधून, दोन. काही वंशांकडून एखादं. एल्फला परसेप्शन जन्मजात, हाफ-एल्फला मनपसंत दोन. एकच कौशल्य दोन वाटांनी आलं तर वाया जात नाही, त्याच्या बदल्यात अठरातलं कुठलंही दुसरं घेता येतं. हा नियम लक्षात ठेवून जाणते खेळाडू मुद्दाम आच्छादन करतात: क्लासच्या यादीत नसलेलं कौशल्य हवं असेल तर बॅकग्राउंडमध्ये आधीच असलेलंच क्लासमधूनही उचलायचं आणि बदली मागायची. यात लबाडी काही नाही, नियमच तसा आहे.

एक पात्र पूर्ण मांडून बघू. रेणुका, सोलापूरच्या पूर्वभागासारख्या वस्तीतली, विणकरांच्या घरात वाढलेली, आता रात्री भिंती ओलांडणारी. मानव, रोग, पहिली लेव्हल. नेहमीचे सहा आकडे १५, १४, १३, १२, १०, ८. २०१४ च्या नियमांप्रमाणे मानवाला प्रत्येकी एक वाढवून. डेक्स्टेरिटी १६, इंटेलिजन्स १५, कॉन्स्टिट्यूशन १४, विज्डम १३, करिझ्मा ११, स्ट्रेंग्थ ९. बॅकग्राउंड गिल्ड आर्टिझन: त्यातून इनसाइट, परसुएशन आणि विणकामाची हत्यारं. क्लासमधून स्टेल्थ, परसेप्शन, इन्व्हेस्टिगेशन, ॲक्रोबॅटिक्स. रोगला पहिल्याच लेव्हलला दोन ठिकाणी एक्स्पर्टाइज मिळतं, तिथे बोनस दुप्पट. ते स्टेल्थ आणि परसेप्शनवर. म्हणजे स्टेल्थ तीन अधिक चार, सात. परसेप्शन एक अधिक चार, पाच. ॲक्रोबॅटिक्स पाच, इन्व्हेस्टिगेशन चार, इनसाइट तीन, परसुएशन दोन. ॲथलेटिक्स वजा एक. बोनस एका चेकला, म्हणजे काम जमतं का ते बघायच्या एका फाशाला, एकदाच मिळतो आणि दुप्पटही एकदाच होतो. दोन वेगळ्या कारणांनी दोनदा मिळवलेला बोनस ही नव्या टेबलावर सर्रास दिसणारी चूक.

आता डीसी. पुस्तकात शिडी दिलेली आहे: ५ फार सोपं, १० सोपं, १५ मध्यम, २० अवघड, २५ फार अवघड, ३० जवळपास अशक्य. या शब्दांनी डीएमची फसगत होते. ‘मध्यम’ म्हटलं की वाटतं, साधारण माणसाला निम्म्या वेळा जमेल. पण मॉडिफायर शून्य असलेल्याला १५ गाठायला फाशावर १५ ते २० यांतलं काहीतरी पडावं लागतं. सहा बाजू, तीस टक्के. दहापैकी सात वेळा तो आपटणार. अधिक पाच असलेल्याला पंचावन्न टक्के. नव्या डीएमने पहिले काही सेशन १०, १३ आणि १५ एवढेच आकडे वापरावेत. पहिल्या लेव्हलला २० हा आकडा अगदी हातचा राखून.

इथून खरी गंमत सुरू होते. समजा, पडक्या देवळाच्या चौकटीवर जुना शिलालेख आहे. काळ कुठला, कोणी कोरला हे ओळखायला हिस्टरी, डीसी १५. गटात एक विझार्ड, म्हणजे जादूगार, आहे, इंटेलिजन्स १६, हिस्टरीचा गोल भरलेला, एकूण अधिक पाच. त्याला पंचावन्न टक्के संधी. तो फासा टाकतो, सात पडतो, बेरीज बारा, हुकतो. लगेच बाकीचे चौघे म्हणतात, "मी पण टाकतो." चौघांचं हिस्टरी शून्य. एकेकट्याला तीस टक्केच, पण चौघांपैकी एकाला तरी जमण्याची शक्यता शहात्तर टक्के निघते. पोथ्या वाचून डोळे अधू झालेल्या पंडिताला पंचावन्न आणि चार अडाण्यांच्या टोळीला शहात्तर! प्रोफिशिअन्सी निरुपयोगी वाटते ती इथे, आणि दोष आकड्याचा नसून सगळ्यांना फासा टाकू देण्याचा आहे.

उपाय साधा आहे आणि तो कडकपणे पाळावा. ज्ञानाच्या चेकला ज्याचा गोल भरलेला आहे त्यानेच फासा टाकायचा. बाकीच्यांना जे सहज दिसतं ते डीएमने फुकट सांगावं: दगड काळा आहे, अक्षरं झिजली आहेत, लिपी रस्त्यावरच्या पाट्यांसारखी नाही. ज्याला खरंच हातभार लावायचा आहे त्याने तो कसा लावणार ते सांगावं. मग पंडित ॲडव्हांटेजने टाकतो, म्हणजे दोन फासे आणि मोठा धरायचा. पंचावन्नचे ऐंशी टक्के होतात. मदतीचीही अट आहे: २०१४ च्या नियमांत, जे काम तुम्ही स्वतः करून पाहू शकता त्यातच मदत करता येते, २०२४ च्या सुधारित नियमांत मदतनीसाचा स्वतःचा त्या कौशल्याचा किंवा हत्याराचा गोल भरलेला लागतो. सुधारित नियम मला जास्त पटतो. अठरा ओळींच्या यादीला त्याने लगेच वजन येतं.

उलट बाजूचा घोटाळा चोरपावलांनी जाताना होतो. सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यासारखी जागा डोळ्यांसमोर आणा: दुहेरी तटबंदी, एका अंगाला तलाव, बाकी बाजूंना रुंद खंदक. रात्री आत शिरायचं आहे. पहारेकऱ्यांचं पॅसिव्ह परसेप्शन, म्हणजे फासा न टाकता धरायचा सावधपणाचा आकडा, १२, म्हणून स्टेल्थचा डीसी १२. रेणुका अधिक सात, ऐंशी टक्के. विझार्ड अधिक दोन, पंचावन्न. पुजारी शून्य, पंचेचाळीस. फायटर अधिक एक, पण अंगात चेन मेल. त्या चिलखताने स्टेल्थला डिसॲडव्हांटेज, दोन फाशांतला लहान धरायचा, म्हणून पन्नासाचे पंचवीस. चौघेही निसटले पाहिजेत असं डीएमने ठरवलं, तर चारही आकड्यांचा गुणाकार: जेमतेम पाच टक्के. मोहीम सुरू व्हायच्या आधीच शिंग वाजतं, आणि पुढच्या वेळी खेळाडू लपण्याचा विचारच सोडून देतात. ‘आमच्या टेबलावर स्टेल्थ चालत नाही’ अशी तक्रार ऐकली की बहुतेक वेळा मुळाशी हा गुणाकार असतो.

यासाठी नियमांत ग्रुप चेक आहे आणि आश्चर्य म्हणजे तो वापरला फार कमी जातो. सगळ्यांनी फासा टाकायचा. निम्मे किंवा जास्त यशस्वी झाले तर सगळा गट यशस्वी. वरच्याच चौघांना हा नियम लावला की पाच टक्क्यांचे त्र्याहत्तर होतात. कल्पनाही पटण्यासारखी: रेणुका फायटरला खुणेने थांबवते, चिलखताच्या कड्या फडक्यात आवळून घ्यायला लावते, पाण्याचा आवाज होईल तेव्हाच पुढे सरकवते. तयार माणसाचं कौशल्य बाकीच्यांना पुरतं.

याच्याच जोडीचा दोष म्हणजे एकाच कामाचे तुकडे पाडून फासे मागणं. खंदक ओलांडताना स्टेल्थ, तटावर चढताना स्टेल्थ, अंगण पार करताना पुन्हा स्टेल्थ. रेणुकेचे ऐंशी टक्के तीनदा टाकल्यावर एक्कावन्न होतात. डीएमला वाटतं की रंगत वाढतेय, प्रत्यक्षात पटाईत चोर नाणेफेकीवर येऊन ठेपला. एका हेतूला एक फासा. परिस्थिती खरोखर बदलली, कुत्रं भुंकलं, ढगातून चंद्र आला, तरच दुसरा.

आणि फासा टाकायचाच नाही तो कधी? हुकलं तर काही बिघडत नसेल तेव्हा. बंद कुलूप, समोर कोणी नाही, वेळ भरपूर, हातात चोराची हत्यारं आणि ती चालवायला शिकलेली रेणुका. फासा कशाला? डीएमसाठीच्या मार्गदर्शनात याचा हिशोब दिलेला आहे: नेहमीच्या दसपट वेळ दिला तर जमण्यासारखं काम जमलंच असं धरावं. कुलपाला एक ॲक्शन, म्हणजे साधारण सहा सेकंद. दसपट म्हणजे एक मिनिट. एक मिनिट निवांत मिळालं की कुलूप उघडलं. जे मुळातच अशक्य आहे ते मात्र कितीही वेळ देऊन होत नाही. फासा येतो तो पहारेकऱ्याच्या पावलांचा आवाज जवळ यायला लागला की. मी तर पुढे जाऊन म्हणेन की डीसी १० पर्यंतचं काम, गोल भरलेल्याला, घाई नसताना, कधीच टाकायला लावू नये. चढाईचंही तसंच. साध्या भिंतीवर चढायला नियमांत चेकच नाही, फक्त वेग निम्मा होतो; ॲथलेटिक्स लागतं ते शेवाळलेल्या, सुटे दगड असलेल्या किंवा वरून कोणी तेल ओतत असलेल्या भिंतीला.

पॅसिव्ह आकड्याचं कामही हेच. दहा अधिक सगळे बोनस. ॲडव्हांटेज असेल तर आणखी पाच, डिसॲडव्हांटेज असेल तर पाच वजा. रेणुकेचं पॅसिव्ह परसेप्शन १५. जिन्याच्या पायरीतला सापळा डीसी १५ चा असेल तर तो तिला दिसतोच. डीएमने सेशनच्या आधी सगळ्यांचे पॅसिव्ह आकडे एका चिठ्ठीवर लिहून पडद्यामागे ठेवावेत. नाहीतर "सगळ्यांनी परसेप्शन टाका" असं म्हटल्याबरोबर, फासे कितीही कमी पडले तरी, सगळ्यांना कळतं की काहीतरी आहे. मग पात्रांना काही दिसलेलं नसताना खेळाडू तलवारी उपसतात.

मला या पद्धतीत सगळ्यात आवडते ती एक गोष्ट बऱ्याच टेबलांवर कधी वापरलीच जात नाही. कौशल्य आणि गुण यांची गाठ सुटी करता येते. चेक मागताना डीएमने आधी गुण ठरवायचा, मग त्यात कुठलं कौशल्य उपयोगी पडेल ते. संक्रांतीच्या सुमारास सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. बाराबंदी घातलेले मानकरी ती उंच काठी उभी तोलत अडुसष्ट लिंगांच्या वाटेने नेतात. असा सोहळा खेळात आणला तर चेक कुठला? ध्वज जमिनीवरून उचलून पट्ट्यात बसवणं, तिथे स्ट्रेंग्थ आणि ॲथलेटिक्स. मध्येच वाऱ्याचा झोत आला आणि शेंडा कलला, की ताकदीने काही होत नाही, पावलं आणि कंबर हलवून तोल पकडायचा. तिथे डेक्स्टेरिटी, पण कौशल्य तेच, ॲथलेटिक्स, कारण सराव या काठीचाच झालेला आहे. दिवसभराची वाट, खांद्यात भरून आलेले गोळे, तिथे कॉन्स्टिट्यूशन आणि पुन्हा ॲथलेटिक्स. पुढचं लिंग कुठलं आणि तिथला विधी काय, हे इंटेलिजन्स आणि रिलिजन. भरलेला गोल तोच, अधिक दोनही तोच, बदलतो तो खालचा गुण. आणि सपाट रस्त्यावर, वारा नसताना, वर्षानुवर्षं सराव केलेल्या मानकऱ्याला एकही फासा नाही. नवख्याने हात घातला तर मात्र पावलागणिक काळजी.

यातूनच पुजाऱ्याची जुनी अडचण सुटते. रिलिजन इंटेलिजन्सखाली असल्यामुळे, विज्डमवर जगणारा क्लेरिक स्वतःच्याच देवाबद्दल विझार्डपेक्षा कमी जाणतो असं चित्र दिसतं. ज्याचा गोल भरलेला आहे त्या क्लेरिकला स्वतःच्या दैवताचं सगळं नेहमीचं ज्ञान फाशाशिवाय द्यावं आणि विधी चालू असताना काय खटकतंय हे ओळखायला विज्डम आणि रिलिजन मागावं. इंटिमिडेशनचंही तसंच. नाकासमोर लोखंडी गज वाकवून धमकावणाऱ्या फायटरकडून करिझ्मा का मागायचा? स्ट्रेंग्थ मागा.

कॉन्स्टिट्यूशनला कौशल्य का नाही याचं उत्तरही इथेच सापडतं: सहन करणं सहसा आपण ठरवून करत नाही, ते अंगावर येतं. म्हणून त्याचं बहुतेक काम सेव्हिंग थ्रो, म्हणजे अंगावर आलेलं निभावायला टाकायचे फासे, करतात, आणि त्यांची प्रोफिशिअन्सी वेगळी, क्लासने ठरवलेली. कौशल्यांच्या गोलांशी तिचा संबंध नाही. २०१४ च्या नियमांत तापमान १०० अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण ३८ अंश सेल्सिअसला पोचलं आणि प्यायला पाणी नसलं की दर तासाला कॉन्स्टिट्यूशन सेव्ह. पहिल्या तासाला डीसी ५, पुढे दर तासाला एक वाढवत जायचा. हुकला की थकव्याची एक पायरी. मध्यम किंवा जड चिलखत अंगात असेल तर डिसॲडव्हांटेज. सोलापूरच्या मे महिन्यात पारा सहज चाळीस ओलांडतो, तेव्हा इथल्या माळरानावर मोहीम काढणाऱ्या डीएमने हा नियम तोंडपाठ ठेवावा. पण मग सर्व्हायव्हल काय कामाचं? पाणी कुठे मिळेल ते शोधायला. पाणी हाताशी असलं की सेव्हची वेळच येत नाही. गोल भरलेला वाटाड्या गटाला फाशापासून वाचवतो, ही त्याची खरी कमाई.

हत्यारांची प्रोफिशिअन्सी कौशल्यांच्या सावलीत राहते आणि तिच्याकडे दुर्लक्ष होतं. रेणुकेकडे विणकामाची हत्यारं आहेत, म्हणजे तिला माग कळतो. किल्ल्याच्या खिळ्याला फाटक्या कापडाची चिंधी अडकलेली सापडली. इन्व्हेस्टिगेशन कोणीही मागेल. पण इंटेलिजन्स आणि विणकाम मागितलं, तर रेणुका धाग्याचा पीळ बघेल, काठ कसा बांधलाय ते बघेल, थुंकी लावून रंग पक्का आहे की उतरतो ते बघेल, आणि हे कापड कुठल्या पेठेतल्या मागावरचं हे सांगू शकेल. विझार्डला कितीही बुद्धी असली तरी ताणा-बाणा बोटांखालून गेलेला नाही. २०२४ च्या नियमांनी इथे चांगली भर घातली: एकाच कामाला कौशल्य आणि हत्यार दोन्हींचे गोल भरलेले असतील तर ॲडव्हांटेज. कुलपाच्या बाबतीत २०१४ मध्ये गोंधळ होता. लोक स्लाइट ऑफ हँड टाकायचे, खरं तर त्या नियमांत तिथे चोराच्या हत्यारांची प्रोफिशिअन्सी लागते. स्लाइट ऑफ हँड खिसा कापायला.

भाषांना फासाच नाही. येते किंवा येत नाही. एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी ऐकत वाढलेल्या सोलापूरकराला हे वेगळं सांगायला नको. तरीही पात्र बनवताना भाषांची ओळ लोक सगळ्यात शेवटी, घाईत भरतात. शत्रूची कुजबुज समजणं हे कित्येक फाशांपेक्षा मोलाचं असतं.

बोलण्याच्या कौशल्यांत टेबल सगळ्यात जास्त बिघडतं. खेळाडू म्हणतो, "मी परसुएशन मारतो." डीएमने लगेच फासा टाकू देऊ नये. "मारशील नंतर. दुकानात शिरून काय बोलायलास ते आधी सांग." नाटकी भाषण अपेक्षित नाही; लाजऱ्या खेळाडूने "मी त्याला सांगतो की पुढच्या महिन्यात शंभर चादरी आम्हीच उचलू" एवढं म्हटलं तरी पुरे. त्यावरून डीएमला तीन गोष्टी कळतात. हे परसुएशन आहे की थाप, म्हणजे डिसेप्शन. मालकाला या गोष्टीत काही लाभ आहे का, म्हणजे डीसी १० की २०. आणि हे मुळात शक्य आहे का. राजाला सिंहासन सोडायला लावणं फाशाने होत नाही, वीस पडला तरी नाही. कौशल्याच्या चेकला वीस पडला म्हणजे आपोआप यश, असा नियम पाचव्या आवृत्तीत नाही. तो फक्त हल्ल्याच्या फाशाला आहे. २०२३ च्या बाल्डर्स गेट ३ या संगणक खेळात मात्र चेकलाही तसं यश मिळतं, त्यामुळे तिकडून आलेले खेळाडू हक्काने वाद घालतात. त्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाकावं.

इनसाइट हे खोटं पकडायचं यंत्र समजू नये. यश आलं तर डीएमने निकाल सांगायचा नाही, जे दिसलं ते सांगायचं: भाव सांगताना मालक घडीवरून उगाच हात फिरवतोय, नजर दोनदा मागच्या दाराकडे गेली. अर्थ रेणुकेने लावावा. परसेप्शन आणि इन्व्हेस्टिगेशनचा फरक एका ओळीत सांगता येतो: पहिलं डोळ्या-कानांना जाणवतं, दुसरं जाणवलेल्यावरून निष्कर्ष काढतं. मेडिसिनची मला खरोखर कीव येते. मरणाच्या दारातल्या माणसाला स्थिर करायला डीसी १० चा मेडिसिन चेक लागतो, आणि पाच सोन्याच्या नाण्यांची, दहा वेळा वापरता येणारी औषधांची पेटी तेच काम चेकशिवाय करते. डीएमने या कौशल्याला मुद्दाम काम द्यावं: प्रेत किती वेळापूर्वीचं, जखम कुठल्या हत्याराची, विष की आजार.

ही रचना एकदम आलेली नाही. १९७४ च्या मूळ खेळात कौशल्यं नव्हतीच. करून बघतो म्हणायचं आणि पंचाने ठरवायचं. १९७५ मध्ये थीफ आला, सोबत कुलूप उघडण्याचे, भिंत चढण्याचे टक्के आले, आणि नकळत बाकीच्यांना वाटायला लागलं की आपल्याला भिंत चढताच येत नाही. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत कौशल्यं ऐच्छिक होती आणि गुणाच्या आकड्याइतका किंवा त्याखाली फासा पाडायचा होता. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत दर लेव्हलला पॉइंट वाटायचे. विसाव्या लेव्हलला एका कौशल्यात तेवीसपर्यंत रँक जायची, शेजाऱ्याची शून्य. एकाला जे सोपं ते दुसऱ्याला फाशाच्या पलीकडे. २०१४ ने हे अंतर मुद्दाम दाबून सहावर आणलं, एक्स्पर्टाइज असलं तर बारावर. त्यामुळे विसाव्या लेव्हललाही गटातला कच्चा माणूस खेळात राहतो. त्याची किंमत म्हणून खालच्या लेव्हलला तयार माणूस म्हणावा तितका तयार वाटत नाही. पाथफाइंडर या याच धर्तीच्या खेळाच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीने वेगळा कौल दिला: तयारीच्या पायऱ्या चार, दोन-चार-सहा-आठ, त्यात लेव्हल मिळवायची, आणि न शिकलेल्याला लेव्हलही नाही. ज्यांना निष्णात माणूस निष्णात वाटायला हवा त्यांनी ते जरूर खेळून पाहावं. मला अजून पाचवीच जवळची वाटते.

सुरुवात करायला पैसे लागत नाहीत. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट उतरवून घेता येतात. नाव सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट ५.१. वीस बाजूंचा फासा मिळाला नाही तर एक ते दहा आकड्यांच्या चिठ्ठ्या आणि लुडोचा फासा घ्या. चिठ्ठी काढा, फासा टाका. फाशावर एक ते तीन आलं तर चिठ्ठीचा आकडा तसाच, चार ते सहा आलं तर त्यात दहा मिळवा. चिठ्ठी दरवेळी परत डब्यात टाकायची, नाहीतर शक्यता बिघडतात.

पात्रं बनवताना चौघांनी एकत्र बसावं. प्रत्येकी चार ते सहा गोल धरले तर अठरापैकी बहुतेक ओळी सहज झाकल्या जातात, पण सगळ्यांनी परसेप्शन आणि स्टेल्थच उचललं की नेचर, ॲनिमल हँडलिंग, परफॉर्मन्स उघडे पडतात. परसेप्शन दोघांकडे असावं, स्टेल्थ निम्म्यांकडे. ग्रुप चेकला तेवढं पुरतं. एखादी ओळ उघडी राहिली तरी डीएमने तीच नेमकी अडवून धरू नये, आणि कथेचा एकुलता एक धागा एकाच फाशामागे तर कधीच लपवू नये. फासा हुकला तर धागा मिळावा, पण उशिरा, किंवा कोणाच्या तरी उपकाराखाली.

शेवटचं डीएमच्या वहीबद्दल. दिलेला प्रत्येक डीसी जागेच्या नावासकट लिहून ठेवा: तटाची ओली भिंत १५, कोठाराचं कुलूप १३, रखवालदाराची समजूत १०. पात्रं नवव्या लेव्हलला पोचली की रेणुकेची डेक्स्टेरिटी २० झालेली असते, बोनस चार, स्टेल्थ अधिक तेरा. तेव्हा डीएमचा हात आपसूक वर जातो आणि त्याच भिंतीला २० लागायला लागतात, पहारेकरीही एकाएकी गरुडाच्या नजरेचे होतात. असं केलं की आठ लेव्हलांची वाढ कागदावर राहते आणि टेबलावर शून्य होते. भिंत १५ चीच ठेवा, पहारेकरी बाराचाच. त्याच किल्ल्यात रेणुका परत आली तर तेरा अधिक एक म्हणजे चौदा, फासा टाकायचं कारणच उरत नाही. तिला सरळ आत जाऊ द्या, आणि २० चा डीसी अशा जागेसाठी ठेवा जिथे ती आजवर गेलेली नाही.